स्लॅब भरायच्या आधी, भरताना आणि पडलाच तर: साइटवर नव्याने लागलेल्या सुपरवायझरसाठी

डिप्लोमा झाला, पुण्याच्या वाघोली नाहीतर मारुंजीच्या बाजूला एखाद्या साइटवर लागलात, आणि पहिल्याच महिन्यात ठेकेदार सांगतो, "साहेब, शनिवारी स्लॅब आहे." कॉलेजात स्लॅबचं डिझाइन शिकवतात. सेंट्रिंग, म्हणजे स्लॅब घट्ट होईपर्यंत त्याला खालून धरणारा तात्पुरता सांगाडा, मात्र मुकादमाचं काम म्हणून सोडून देतात. स्लॅब भरताना माणसं दगावतात ती बहुतेक वेळा याच सोडून दिलेल्या भागापायी.

ओल्या काँक्रीटला वजन असतं, ताकद नसते. सहा इंची स्लॅब धरला तर दर शंभर चौरस फुटांमागे सळईसकट साधारण साडेतीन टन माल. तो घट्ट होऊन स्वतःला पेलू लागेपर्यंत सगळा भार खालचे जॅक (उंची कमी-जास्त करता येणारे लोखंडी टेके), बल्ल्या (लाकडी टेके) आणि ते ज्या जमिनीवर उभे आहेत ती जमीन यांच्यावर. म्हणून तपासणी वरून करू नका, खालून सुरू करा. आणि ती पंप बुक करायच्या आधी उरका. गेटवर ट्रान्झिट मिक्सर उभा राहिला, आरएमसीवाल्याचे (तयार काँक्रीट पुरवणाऱ्याचे) फोन सुरू झाले, की साइटवर कुणाच्याच तोंडून 'थांबा' निघत नाही. मालकाच्या नाही, ठेकेदाराच्या नाही, आणि तुमच्यासारख्या नव्या पोराच्या तर नाहीच नाही.

पुण्याला हे नवं नाही. २९ जुलै २०१६ ला बालेवाडीत एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर काम चालू असताना स्लॅब कोसळला आणि ९ कामगार गेले. ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री येरवड्यात शास्त्रीनगरला काँक्रीट पडायच्या आधीच सळईची जाळी कोसळली, ५ कामगार गेले. दोन्हीकडे मेलेली माणसं पोटासाठी बाहेरून आलेली होती.

पहिली पायरी: कागद मागा

पुण्यातल्या बऱ्याच मध्यम साइटवर सेंट्रिंगचं ड्रॉइंग नसतंच. "नानांनी आजवर शंभर स्लॅब उभे केलेत" हे उत्तर मिळतं. नानांचा अनुभव खराच असतो, पण तो साडेनऊ-दहा फुटी मजल्याचा असतो. पार्किंगवरचा स्लॅब, दुहेरी उंचीची लॉबी, पोडियम, पोर्च, बाहेर झुकलेला छज्जा, पाण्याची टाकी, यातलं काही आलं की तो अनुभव पुरत नाही. अशा ठिकाणी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून जॅकांचं अंतर, ब्रेसिंग (जॅकांना एकमेकांशी बांधणारे आडवे-तिरके पाइप) कुठे आणि माल भरायचा क्रम काय, हे लिहून घ्या. लाजू नका. आयएस १४६८७ हे १९९९ पासूनचं मानक सेंट्रिंगसाठीच आहे, त्याचं नाव घेतलं की समोरचा तुम्हाला जरा गांभीर्याने घेतो.

दुसरी पायरी: जमीन

माझ्या मते सगळ्यात जास्त धोका पहिल्या स्लॅबला, म्हणजे पार्किंगवरच्या. उंची जास्त, आणि जॅक उभे असतात ते भरावावर. जोत्यात मुरूम टाकलेला, वरवर दाबलेला, कुठे ड्रेनेजचा चर नुकताच बुजवलेला. काळी माती असेल तर विचारूच नका. पाऊस पडला की तिचा चिखल होतो आणि काल ताठ उभा असलेला जॅक आज दोन बोटं खाली गेलेला सापडतो. एक जॅक खचला म्हणजे त्याचा भार शेजारच्यांवर जातो, त्यांनाही तो झेपला नाही तर त्यांच्या शेजारच्यांवर.

भरावावर पीसीसी, म्हणजे सळईशिवायचं साधं काँक्रीट, करून घ्या. ते शक्य नसेल तर जॅकाखाली जाड, सलग फळ्या टाका, एकेका जॅकाला तुकडा नको. विटेच्या तुकड्यावर, फरशीच्या खापरीवर उभा केलेला जॅक दिसला तर तो तिथल्या तिथे काढायला लावा. वीट दाबाखाली फुटते आणि फुटताना सांगून फुटत नाही. रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी पुन्हा एक चक्कर मारा. टाक्याचं किंवा क्युअरिंगचं पाणी जॅकांच्या पायाशी साचतंय का, हेही बघा.

तिसरी पायरी: जॅक आणि बल्ल्या

चार फुटांवर एक जॅक धरला तर एकाच्या वाट्याला सोळा चौरस फूट येतात. माल, प्लेटा (ज्यांच्यावर काँक्रीट ओततात ते पत्रे), वरची माणसं, पंपाचे पाइप, सगळं धरून साडेआठशे किलोच्या आसपास. मुकादमाने जॅक कमी पडले म्हणून मधला एक गाळला, की शेजारच्यांवरचा भार एकदम वाढतो. म्हणून अंतर नजरेने नको, टेपने मोजा.

आता हातात घेऊन बघायची गोष्ट म्हणजे जॅकाची पिन. आतला पाइप ज्या भोकात अडकवायचा तिथे मूळची जाड पिन असते, साखळीला बांधलेली. साखळी तुटते, पिन हरवते, आणि तिच्या जागी सळईचा तुकडा नाहीतर मोठा खिळा येतो. आठ मिलीचा तुकडा भाराखाली आधी वाकतो, मग घसरतो. प्रत्येक जॅकापाशी वाकून पिनवर टॉर्च मारा. शंभर जॅक असतील तर शंभर वेळा वाका. हे काम दुसऱ्याला सांगू नका. सांगितलेलं काम 'झालं साहेब' होऊन परत येतं.

मग ओळंबा. जॅक तिरका असेल तर भार सरळ खाली न जाता बाजूला ढकलतो. उंचीचं गणितही लक्षात ठेवा: तोच पाइप दुप्पट लांब केला तर वाकण्याच्या हिशेबाने त्याची ताकद एक चतुर्थांश राहते. उलट, मध्यावर दोन्ही दिशांनी आडवे पाइप क्लॅम्पने बांधले तर तीच ताकद चौपट होते. आडवं आणि तिरकं ब्रेसिंग म्हणजे शोभा नाही. ते पहिल्यांदा गाळलं जातं, कारण त्याने खाली वावरायला अडचण होते आणि पाइपांचं भाडं वाढतं.

उंची पुरत नाही म्हणून जॅकावर जॅक, किंवा जॅकाखाली लाकडी ठोकळ्यांची चळत, हे चालवून घेऊ नका. तिथे नीट बांधलेलं स्टेजिंगच हवं. लाकडी बल्ल्या असतील तर वाकड्या, चिरलेल्या, किडलेल्या बाजूला काढा. पाचरी खिळ्याने ठोकलेल्या हव्यात. व्हायब्रेटरच्या थरथरीने सुट्या पाचरी निघतात.

कॉलम आधीच भरून घट्ट झालेले असावेत. सेंट्रिंगला बाजूने धरायला तेवढाच भक्कम आधार असतो. कॉलम आणि स्लॅब एकाच दिवशी उरकायची घाई कुणी करत असेल तर विरोध करा.

चौथी पायरी: सळई

येरवड्याची घटना इथे आठवायची. जाडजूड राफ्टची (पायाच्या सलग स्लॅबची) किंवा मोठ्या स्लॅबची वरची जाळी चेअरवर, म्हणजे वाकवलेल्या सळईच्या घोड्यांवर, उभी असते. चेअर बारीक सळईच्या, लांब लांब ठेवलेल्या आणि तिरका आधार नाही, तर ती जाळी एका बाजूला कलंडते आणि आत काम करणारे फिटर अडकतात. जाळी जितकी उंच तितकी तिच्या चेअरची जाडी आणि अंतर इंजिनिअरकडून घ्या. 'फिटर लावतील ते' यावर सोडू नका. क्रेनने सळईचा अख्खा बंडल एकाच ठिकाणी उतरवला जातो, तेही बंद करा. बंडल सोडून पसरून ठेवायचे आणि बीमच्या जवळ. ही कामं रात्री शक्यतो नकोतच. दिवसभर उन्हात सळई बांधलेला माणूस रात्री अकरा वाजता सुटलेली गाठ बघत नाही.

पाचवी पायरी: कडा

कडेला कठडा, खाली जाळी, बेल्ट अडकवायला दोर. हे सगळ्यांना ठाऊक असतं. एवढंच बघा, की बेल्टचा हुक ज्याला अडकवलाय तो पाइप सेंट्रिंगचाच भाग नसावा. सेंट्रिंग गेलं तर माणूस त्याच्याबरोबर खाली जाईल. दोर कॉलमला किंवा आधीच्या पक्क्या मजल्याला बांधा.

सहावी पायरी: सही आणि मग पंप

पोर कार्ड नावाचा कागद बहुतेक मोठ्या साइटवर असतो. नसेल तर वहीच्या पानावर स्वतः करा. सेंट्रिंग, स्टील, प्लंबिंग-इलेक्ट्रिकचे पाइप, कडा, प्रत्येकापुढे ज्याने तपासलं त्याची सही, तारीख, वेळ. तुम्ही न तपासलेल्या रकान्यात सही करू नका. "सर सही करून टाका, पंप निघालाय" असं कुणी म्हणालं, तर क्रम उलटा झालाय हे त्यातच आलं. कागद पूर्ण झाल्यावर त्याचा फोटो प्रोजेक्ट मॅनेजरला पाठवा, मग बुकिंग करायला सांगा. काही राहिलं असेल तर तेही तिथेच लिहा: 'पूर्वेच्या कोपऱ्यातलं ब्रेसिंग बाकी, आज भरू नये.' लेखी नकार वरचा माणूस सहजासहजी डावलत नाही, कारण उद्या तो कागद पोलिसांच्या हाती पडू शकतो हे त्याला माहीत असतं.

सातवी पायरी: भरायचा दिवस

खाली कुणी झोपत नाही ना, मुलं खेळत नाहीत ना, हे आधी बघा. पुण्यात कितीतरी साइटवर कुटुंबं खालच्या मजल्यावरच राहतात, दुपारी सावलीला बायका पोरांना घेऊन स्लॅबखाली बसतात. भरताना खालचा सगळा भाग दोरी लावून बंद करा. वॉचमन एक, त्यालाही काँक्रीटखाली जायला बंदी.

सुरुवातीला सगळ्यांना एकत्र बोलवा आणि खूण सांगा: लांब शिट्टी म्हणजे हातातलं टाकून जिन्याकडे. मराठीत आणि हिंदीत दोन्ही सांगा. सेंट्रिंगवाले बिहार-झारखंडचे, माल ओढणारे यादगीर-कलबुर्गीकडचे, मिक्सरवाला नांदेडचा, असा मेळा असतो. कोणता जिना, हे हाताने दाखवा. वर किती माणसं चढली त्याची यादी नावानिशी गेटवर ठेवा. नाक्यावरून, म्हणजे डांगे चौक, वारजे किंवा कात्रजहून त्याच दिवशी आणलेल्या माणसांचीही. तीच नावं यादीत नसतात, आणि ढिगाऱ्याखाली किती जण आहेत ते मग कुणालाच सांगता येत नाही.

पंपाच्या तोंडून येणारा माल एका जागी साचू देऊ नका. अर्धा घनमीटर ढीग म्हणजे बाराशे किलो, तोही दोन-तीन जॅकांच्या डोक्यावर. नळी फिरती ठेवा, पसरणारे हात पुरेसे ठेवा. आधी बीम, मग स्लॅब, आणि दोन्ही बाजूंनी सारखं. छज्ज्याचा बाहेरचा भाग आधी भरून आतला रिकामा ठेवला तर सेंट्रिंगच उलटायला बघतं. पंपाची पाइपलाइन थेट सेंट्रिंगला बांधू नका, तिचे हिसके जॅकांना बसतात.

आता जुन्या सेंट्रिंगवाल्यांची एक युक्ती. स्लॅबच्या मध्याखाली प्लेटला दोरी बांधून तिला ओळंबा लावायचा, टोक खाली ठेवलेल्या विटेपासून एक बोट वर राहील असा. विटेवर खूण. भरताना वॉचमन दोरीखालचं ते अंतर बाहेरून बघतो. बोटभर जागा कमी झाली, ओळंबा विटेला टेकला, की वरचं बंद. याच्याशिवाय लाकडाचा कटकट आवाज, प्लेटांच्या सांध्यातून अचानक जास्त गळणारं पाणी, खाली पडलेली पाचर, वर एका जागी खळगा पडून तिकडे वाहणारा माल, ही सगळी एकाच गोष्टीची लक्षणं.

अशा वेळी मुकादम काय करतो? दोन पोरांना ओरडतो, "जा रे, टेका लाव!" हे होऊ देऊ नका. भार आलेला जॅक नेमका कधी सुटेल ते कुणालाही सांगता येत नाही, आणि टेका लावायला गेलेली ती दोन पोरंच पहिली सापडतात. पंप बंद, शिट्टी, सगळे खाली आणि बाहेर. वर टाकलेला माल वाया गेला तर जाऊ द्या. पुन्हा आत जायचं की नाही, हे इंजिनिअर येऊन ठरवेल.

आठवी पायरी: सेंट्रिंग सोडताना

प्लेटा दुसऱ्या साइटवर हव्या असतात म्हणून घाई होते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकातले दिवस पाठच करा. साडेचार मीटरपर्यंतच्या स्पॅनच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे जॅक ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४. सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे १४, त्याहून मोठ्याला २१. हे साध्या ओपीसी सिमेंटसाठी आणि तापमान १५ अंशांच्या खाली न गेलेलं असताना. हल्ली बहुतेक ठिकाणी पीपीसी सिमेंटचा किंवा फ्लायअॅश (राख) मिसळलेला माल असतो, त्याला जास्त वेळ द्यावा लागतो, आणि पुण्यातल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री १५ च्या खाली सर्रास जातात. क्यूबचा (काँक्रीटच्या ठोकळ्याच्या ताकदीच्या चाचणीचा) निकाल हातात आल्याशिवाय मोठे स्पॅन मोकळे करू नका. छज्जा सोडताना टोकाकडून आत, साधा स्लॅब सोडताना मध्यापासून आधाराकडे.

बारा-तेरा दिवसांत पुढचा मजला चढत असेल, तर नव्या स्लॅबचा भार खालच्या कोवळ्या स्लॅबवर येतो. त्याच्याही खालचे टेके किती मजले ठेवायचे हे इंजिनिअरकडून लेखी घ्या.

पडलाच तर

११२ ला फोन, १०८ ला रुग्णवाहिका, १०१ ला अग्निशमन. तिन्ही फोन तीन वेगळ्या माणसांनी करायचे, आणि एकाने मुख्य रस्त्यावर जाऊन गाडीला वाट दाखवायची. बांधकामाच्या गल्ल्या गुगलवर नीट सापडत नाहीत. गेटवरची यादी घेऊन हजेरी. साइटवरची जेसीबी लगेच ढिगाऱ्यावर चढवू नका. खाली पोकळीत माणूस जिवंत असू शकतो. मोठा प्रकार असेल तर प्रशासन एनडीआरएफला (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला) बोलावतं. त्यांची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे.

जखमीला हात-पाय धरून ओढू नका, मणक्याला इजा असेल तर कायमचं पांगळेपण येतं. शरीरात सळई घुसली असेल तर ती उपसू नका, अग्निशमनवाले बाहेरच्या बाजूने कापतात आणि उरलेला तुकडा दवाखान्यात काढतात. मांडी किंवा पाय तासाहून जास्त वेळ जड वस्तूखाली दाबला गेला असेल, तर वजन एकदम उचलू नका. दबलेल्या स्नायूंतली द्रव्यं रक्तात येऊन हृदय आणि मूत्रपिंड बंद पडू शकतात. आधी डॉक्टरला तिथे येऊ द्या आणि किती वेळ दबला होता ते सांगा. नाका-तोंडात माल गेला असेल तर बोटाने काढून श्वास मोकळा करा. डोळ्यांत गेला असेल तर स्वच्छ पाण्याची धार धरून ठेवा, पुसू नका. सिमेंट चुन्यासारखं भाजतं.

ससूनला नेलं किंवा खासगीत, केस पेपरवर 'बांधकामावर स्लॅब पडून' असं लिहिलं गेलं पाहिजे आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, झाली पाहिजे. 'घरी पडला' असं लिहून घेण्याचा प्रयत्न होतो. त्या एका ओळीवर पुढची भरपाई अडते. खासगी धर्मादाय रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि १० टक्के सवलतीत राखीव असतात. समाजसेवकाच्या टेबलावर जाऊन मागा. कामगाराचं ईएसआय (कामगार राज्य विमा) असेल तर बिबवेवाडीचं रुग्णालय आहे, आणि मग भरपाईही ईएसआयकडूनच मिळते.

पोलिस येईपर्यंत जागा हलवू नका. पिना, जॅक, बल्ल्या जिथे पडल्या तिथे राहू द्या, फोटो काढा, पोर कार्ड आणि हजेरीपट सुरक्षित ठेवा. बेपर्वाईने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा दाखल होतो आणि त्यात सुपरवायझरचंही नाव येऊ शकतं. तुमची लेखी नोंद तेव्हा तुमच्याच कामी येते.

भरपाई

यात दोन वेगळे पैसे आहेत, आणि त्यांची गल्लत करून एकच दिला जातो.

पहिला मालकाकडून. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यातली ही तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. हिशेब असा: मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग गुणिले वयानुसारचा आकडा. तीस वर्षांच्या माणसाला तो आकडा २०७.९८. मजुरी १५,००० धरली तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर निम्म्याऐवजी ६० टक्के धरतात. 'तो ठेकेदाराचा माणूस, आमचा नाही' हे बिल्डरचं म्हणणं टिकत नाही. मुख्य मालकही जबाबदार असतो. अंत्यविधीच्या दिवशी दोन लाख हातात ठेवून 'आमची काही तक्रार नाही' अशा स्टॅम्पपेपरवर अंगठा घेतात, त्याने हक्क जात नाही. मृत्यूची रक्कम परस्पर द्यायची नसतेच, ती नुकसानभरपाईच्या सक्षम अधिकाऱ्याकडे भरायची असते.

दुसरा पैसा महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडून. नोंदीत कामगार कामावर असताना गेला तर वारसाला ५ लाख रुपये. अट एकच: नोंदणी झालेली आणि नूतनीकरण केलेलं हवं. नोंदणीसाठी वय १८ ते ६०, मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. हा दाखला द्यायला ठेकेदार टाळतो, म्हणून माणसं वर्षानुवर्षं नोंदणीशिवाय राहतात. तुमच्या साइटवरच्या लोकांची नोंदणी स्लॅबच्या आधीच्या मोकळ्या आठवड्यात करून घ्या.

मृताची बायको गावी असते, कटिहारला किंवा कलबुर्गीला. मालकाकडच्या भरपाईचा दावा ती राहते त्या ठिकाणीही करता येतो, त्यासाठी तिला पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. तिला लागणारे कागद मात्र पुण्यात तुमच्याच हाताशी असतात: एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, एमएलसी, हजेरीपटाचं ते पान, मजुरी दिल्याचा पुरावा आणि बिल्डर-ठेकेदाराचं पूर्ण नाव-पत्ता. मृतदेह घेऊन जाणाऱ्या नातेवाइकाच्या हाती तेव्हा मिळतील तेवढ्या प्रती द्या, नंतर येणाऱ्या पोस्टाने पाठवा, आणि प्रत्येकाचा फोटो त्याच्या मोबाइलवर टाका.